चाकांवरचं घर आणि दुसऱ्याच्या घराची डागडुजी

अमेरिकेत मोटरहोममध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत (आरव्ही), राहून गावोगावी घरदुरुस्तीचं श्रमदान करणारी निवृत्त जोडपी आता नवलाची राहिलेली नाहीत. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही संस्था १९७६ साली जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस गावी सुरू झाली, आणि १९८८ मध्ये तिने 'आरव्ही केअर-अ-व्हॅनर्स' ही खास गाडीत राहणाऱ्यांची योजना काढली. युनायटेड मेथडिस्ट चर्चशी जोडलेली 'नोमॅड्स' ही संघटनाही त्याच सुमाराची. पहिलीचा एक मुक्काम साधारण दोन आठवड्यांचा, दुसरीचा तीन आठवड्यांचा. गाडी लावायला जागा आणि बहुधा पाण्याची-विजेची जोडणी यजमान देतात, फुकट किंवा नाममात्र पैशांत. इंधन, जेवण, विमा आपला. सुतारकाम यायलाच हवं असं नाही. एकाने करवत चालवावी, दुसऱ्याने मापं घ्यावीत, रंग द्यावा, सामान आणावं, अशी कामं वाटून घेता येतात.

सत्तर-ऐंशीच्या दशकात इकडे आलेली मराठी मंडळी आता निवृत्त झाली आहेत. मुलं दोन वेगळ्या राज्यांत, आणि चार खोल्यांचं घर रिकामं. त्यांपैकी जी जोडपी या वाटेने जाऊ पाहतात, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. ज्याच्याकडे मदतीला जायचं, त्याचं घर आधीच मोडलेलं असतं. तिथे आपल्याच गाडीची वीज उडाली, टाकी तुंबली किंवा छत गळलं, तर दुरुस्तीची माणसं आपल्या दाराशी गोळा होतात आणि ज्याच्यासाठी आलो तो तसाच राहतो. म्हणून आधी गाडी, मग हत्यारं.

वजन: सगळ्यात आधी

दोघांना आणि हत्यारांना २५ ते ३० फुटांची क्लास सी गाडी (व्हॅन किंवा ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली मध्यम मोटरहोम) पुरते. घेताना लांबी किंवा सोफ्याच्या कापडाकडे बघण्याआधी दाराजवळचा वजनाचा स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील, ते त्यावर छापलेलं असतं. समजा तिथे १,५०० पौंड लिहिलंय. दोन माणसं ३२०. पाण्याची ४० गॅलनची टाकी भरली तर ३३४, कारण एक गॅलन पाणी ८.३४ पौंड भरतं. हत्यारं २५०. धान्य, डाळी, कुकर, भांडी ३००. कपडे, खुर्च्या, औषधं, कागदपत्रं २००. झाले १,४०४. एक जास्तीची पेटी, नातवंडांच्या दोन सायकली, आणि गाडी मर्यादेबाहेर. त्यातही सामान मागच्या डिकीत कोंबलं की मागच्या ॲक्सलवर सगळा भार येतो.

भरलेली गाडी ट्रकथांब्यावरच्या काट्यावर एकदा तरी तोला आणि प्रत्येक ॲक्सलचं वजन वेगळं मागा. टायरमधली हवा त्या वजनाप्रमाणे, टायर थंड असताना भरायची. टायरवर 'डॉट'ने सुरू होणाऱ्या आकड्यांतले शेवटचे चार बघा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मोटरहोमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नक्षी नव्यासारखी दिसली तरी सहा-सात वर्षांनी बदला, कारण उन्हात उभं राहून रबर आतून तडकतं आणि महामार्गावर फुटतं.

वीज: चर्चच्या मागच्या भिंतीवरचा एकच सॉकेट

कॅम्पग्राउंडवर ३० किंवा ५० ॲम्पचा खांब मिळतो. श्रमदानाच्या जागी अनेकदा सभागृहाच्या मागच्या भिंतीवरचा साधा १५ किंवा २० ॲम्पचा सॉकेट वाट्याला येतो. ३० ॲम्प म्हणजे १२० व्होल्टला ३,६०० वॅट. छतावरचा एसी सुमारे १३ ॲम्प ओढतो, मायक्रोवेव्ह १२, गीझरची विजेची कॉइल १२. तिन्ही एकदम लावले की ३७, आणि ब्रेकर पडणारच. १५ ॲम्पच्या सॉकेटवर तर एसी एकटाच चालतो. तेव्हा गीझर आणि फ्रिज गॅसवर टाका, आणि १,८०० वॅटची इंडक्शन शेगडी कपाटातच राहू द्या. पोळ्या गॅसवर बऱ्या होतात.

पातळ, लांब एक्स्टेंशन वायर हे एसी जळण्याचं नेहमीचं कारण. वायर जितकी लांब आणि बारीक, तितकं व्होल्टेज पडतं. मग कॉम्प्रेसर जास्त करंट ओढून तापतो. वायर १० गेजची (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड), जमेल तितकी आखूड आणि पूर्ण उलगडलेली हवी. वेटोळं केलेली वायर भार पडला की आतून वितळते. आत प्लगमध्ये बसणारा व्होल्टमीटर कायम लावून ठेवा. १०५ च्या खाली काटा गेला की एसी बंद. गाडी जोडण्यापूर्वी तीन दिव्यांच्या छोट्या टेस्टरने सॉकेटची अर्थिंग आणि फेज-न्यूट्रल बरोबर आहेत का ते बघा. जुन्या इमारतींत ते उलटे निघणं अजिबात दुर्मीळ नाही.

पाणी येतं तसं आणि जातं तसं

नळाला होज लावण्याआधी प्रेशर रेग्युलेटर लावायचा, ४० ते ५० पीएसआयचा. गावाच्या नळाचं प्रेशर कधीकधी ८० च्या वर असतं, आणि गाडीतले प्लॅस्टिकचे सांधे भिंतीच्या आत सुटतात. हे कळतं तेव्हा फरशीखालची प्लाय भिजून फुगलेली असते. पिण्याच्या पाण्याचा होज वेगळ्या रंगाचा आणि वेगळ्या कप्प्यात ठेवा. मैल्याची टाकी धुवायच्या होजशी त्याची गाठ पडता कामा नये.

ताज्या पाण्याची टाकी वर्षातून दोनदा निर्जंतुक करा. दर १५ गॅलनला पाव कप साधा, सुगंध नसलेला ब्लीच पाण्यात मिसळून घालायचा. प्रत्येक नळ वास येईपर्यंत सोडायचा, रात्रभर ठेवायचं, मग वास जाईपर्यंत दोन-तीनदा टाकी धुवायची. गीझर त्या वेळी बायपासवर, म्हणजे ब्लीचचं पाणी त्यात जात नाही.

मैल्याच्या काळ्या टाकीत नव्या जोडप्यांची एकच चूक होते: सांडपाण्याची जोडणी मिळाली म्हणून झडप उघडी ठेवणं. पाणी निघून जातं, मैला टाकीत ढीग होऊन सुकतो, आणि मग तो काढताना नाकी नऊ येतात. झडप बंदच ठेवा. टाकी दोन-तृतीयांश भरली की आधी काळी, मग राखाडी (सिंक आणि आंघोळीच्या सांडपाण्याची) रिकामी करा, म्हणजे भांड्यांच्या साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. नंतर टाकीत दोन-तीन गॅलन पाणी घालून ठेवा. कागदाऐवजी पाणी वापरायची आपली सवय या टाकीला उलट मानवते, फक्त ती थोडी लवकर भरते. दोघांना ३० गॅलनची काळी टाकी आठवडाभर सहज जाते. त्याच मापाची राखाडी टाकी मात्र तीन-चार दिवसांत भरते.

राखाडी टाकीला आपल्या स्वयंपाकाचा त्रास होतो. फोडणीचं तेल, भाताची पेज, चहाचा चोथा टाकीच्या भिंतींना धरतात, सेन्सर कायम 'भरली' दाखवू लागतो आणि उन्हाळ्यात सिंकमधून आंबूस वास येतो. ताटं आधी कागदाने पुसून घ्या, सिंकवर बारीक जाळी ठेवा, चोथा कचऱ्यात टाका. फोडणीच्या वेळी छतावरचा पंखा चालू आणि एक खिडकी उघडी. धुराचा अलार्म ओरडतो म्हणून त्याची बॅटरी कधीही काढू नका. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवर मुदत छापलेली असते, ती संपली की तो बदलायचा, चाचणीचं बटण वाजलं तरी.

गीझर सबर्बन कंपनीचा असेल तर त्याच्या पोलादी टाकीत मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड असतो. टाकीऐवजी तो गंजतो, म्हणून वर्षातून एकदा १ १/१६ इंची सॉकेटने काढून बघा. तीन-चतुर्थांश झिजला असेल तर नवा घाला. काढण्याआधी गीझर बंद, पाणी पूर्ण गार, पाण्याचा पुरवठा बंद, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून प्रेशर काढलेलं हवं. नाहीतर उकळतं पाणी थेट अंगावर येतं. अ‍ॅटवुडच्या अ‍ॅल्युमिनियम टाकीला हा रॉड लागत नाही.

छतावर दर तीन महिन्यांनी नजर टाका, आणि लांबचा प्रवास झाल्यावर नक्कीच. व्हेंट, एसी, अँटेना यांच्या कडांवरचं सीलंट तडकलं असेल तर जागा अल्कोहोलने पुसून त्यावर डायकॉरसारखं स्वतः पसरणारं लॅप सीलंट घाला. सिलिकॉन वापरू नका. रबरी छताला तो धरत नाही आणि पुढे त्याच्यावर दुसरं काहीच चिकटत नाही.

हत्यारं किती?

यजमानांकडे मोठी हत्यारं असतात. आपली म्हणून एवढी पुरतात: १६ औंसाचा हातोडा, २५ फुटी टेप, ७ इंची स्पीड स्क्वेअर (त्रिकोणी गुण्या), खडूची दोरी, ४ फुटी लेव्हल, सपाट पहार, टोच्या, युटिलिटी नाइफ, ७ १/४ इंची चकती करवत, थरथरणारं मल्टिटूल, ड्रिल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर. बॅटरीवरची सगळी हत्यारं एकाच कंपनीची, एकाच व्होल्टेजची घ्या. नाहीतर तीन चार्जर आणि वीस पौंड वजन उगाच वाढतं. लिथियम बॅटऱ्या शून्य अंश सेल्सिअसखाली (३२ फॅरनहाइट) चार्ज करायच्या नसतात, त्यामुळे थंडीत त्या बाहेरच्या कप्प्यात न ठेवता आत आणा. गुडघ्यांचे पॅड, चष्मा, कानांचे मफ आणि एन ९५ मास्क प्रत्येकाचे वेगळे, नावं घातलेले.

न्हाणीघराची कुजलेली जमीन

म्हाताऱ्या माणसांच्या जुन्या मोबाइल होममध्ये (कारखान्यात बांधून जागेवर आणून ठेवलेल्या घरात) सगळ्यात जास्त वेळा लागणारं काम हेच. त्या घरांची जमीन बहुतेक पार्टिकल बोर्डाची, साधारण ५/८ इंच जाड. भुसा आणि गोंद दाबून केलेला हा बोर्ड पाणी लागलं की बिस्किटासारखा फुगतो आणि तुटतो. कमोडभोवती पाय खचतो, कमोड डुलतो, आणि एक दिवस माणूस पडतो.

आधी पाणी येतं कुठून ते शोधा. कमोडच्या मेणाच्या रिंगमधून, टबच्या कडेने, की छताच्या व्हेंटमधून भिंतीतून उतरतंय? उगम न शोधता नवी जमीन घातली तर दोन वर्षांत तीही जाते.

पाणी बंद करा. जुन्या घरांत कमोडपाशी झडप नसेल तर मुख्य झडप. फ्लश करून उरलेलं पाणी स्पंजने काढा, दोन्ही नट सोडवा, कमोड सरळ वर उचला. हे दोघांचं काम आहे, एकट्याने कंबर मोडून घेऊ नका. भोकात चिंधी कोंबा, नाहीतर गटाराचा वायू घरात येतो. कामानंतर ती काढायला विसरू नका.

आता टोच्या घ्या आणि दर दोन इंचांवर टोचत बाहेर जा. जिथे टोच्या आत जाईना तिथे कूज संपली. डोळ्याला दिसते त्याहून ती सहा ते बारा इंच पुढे गेलेली असते. तिथून जवळच्या जॉइस्टच्या (जमीन पेलणाऱ्या आडव्या वाशाच्या) मध्यापर्यंत कापायचं, म्हणजे नव्या आणि जुन्या दोन्ही पाट्यांना टेकायला पाऊण इंच लाकूड मिळतं. चकतीची खोली बोर्डाच्या जाडीइतकीच लावा. या घरांत जमिनीखालून हीटरची डक्ट आणि पाण्याच्या नळ्या जातात. पाव इंच जास्त खोल गेलं की एका कामाची दोन होतात. भिंतीलगत चकती पोहोचत नाही, तिथे मल्टिटूल. भिंत बऱ्याचदा त्याच बोर्डावर उभी असते, म्हणून भिंतीखालचा बोर्ड ओढून काढायचा नाही, भिंतीला लागून कापायचा.

उघडल्यावर जॉइस्ट टोचून बघा. वरचा अर्धा इंच मऊ असेल तर शेजारी तेवढ्याच मापाचं नवं लाकूड लावा. ते खराब भागाच्या दोन्ही बाजूंना किमान दोन फूट पुढे जाणारं, बांधकामाच्या गोंदासह आणि ३ इंची स्ट्रक्चरल स्क्रूंनी वर-खाली आलटूनपालटून जोडलेलं हवं. जिथे नव्या प्लायची कड अधांतरी राहणार, तिथे दोन जॉइस्टांच्या मध्ये टू बाय फोर मापाच्या लाकडाचा आडवा तुकडा बसवा. हा तुकडा कंटाळा करून टाळला जातो, आणि वर्षभराने फरशीची नेमकी तीच रेघ तडकते.

खालचं थंडी अडवणारं फायबरग्लास ओलं असेल तर काढून टाका. ते वाळत नाही. लाकडाला ओलावामापक लावा; १६ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय वर काही घालू नका. पंखा लावून एक रात्र थांबावं लागलं तर थांबा. वेळापत्रक सांभाळायला ओल्या लाकडावर प्लाय ठोकणं म्हणजे घरात बुरशी बंद करून जाणं.

नवी प्लाय बाहेरच्या वापराची, जाडी जुन्याशी जुळणारी. पार्टिकल बोर्ड पुन्हा नको. कडांना १/८ इंच फट, जॉइस्टवर गोंदाची रेघ, कडेने दर ६ इंचांवर आणि मध्ये दर ८ ते १० इंचांवर २ इंची स्क्रू. कमोडच्या भोकाची कापलेली कड प्रायमरने दोन हात रंगवा, कारण पाणी कडेतूनच शिरतं.

फ्लँज (ज्या कड्यावर कमोड बसतो ते, मैल्याच्या पाइपच्या तोंडाशी) तयार फरशीच्या वर टेकला पाहिजे, तिच्यात बुडता कामा नये. खाली राहिला तर स्पेसर रिंगने उचला. दोन मेणाच्या रिंगा एकावर एक ठेवायचा जुगाड टिकत नाही. मेण खोलीच्या तापमानाला असू द्या आणि कमोड एकाच वेळी सरळ खाली बसवा. बसल्यावर पुन्हा उचलला तर ती रिंग टाकून नवी घ्या. नट डावा-उजवा असे थोडे थोडे आवळा, जास्त आवळलं तर चिनीमाती तडकते. कमोड डुलत असेल तर प्लॅस्टिकची पाचर लावा, डुलण्यानेच मेण फाटतं. सीलंट पुढून आणि बाजूंनी लावायचं, मागची बाजू उघडी सोडायची, म्हणजे पुढे कधी गळालंच तर पाणी बाहेर दिसेल. पाच-सहा वेळा फ्लश करून टॉर्चने खालून बघा.

रॅम्प आणि पूर

चाकाच्या खुर्चीच्या रॅम्पचा उतार १ ला १२. दार जमिनीपासून २४ इंच उंच असेल तर रॅम्प २४ फूट लांब. जागा नाही म्हणून तो १६ फुटांत बसवला तर खुर्ची ढकलणारी म्हातारी बायको पावसात तिला धरू शकणार नाही. मोकळी रुंदी ३६ इंच, दर ३० इंच चढाला ५ फूट बाय ५ फुटांचा सपाट टप्पा, कठडा ३४ ते ३८ इंचांवर. लाकूड प्रेशर-ट्रीटेड असतं आणि त्यातल्या तांब्याने साधे खिळे खाल्ले जातात. म्हणून स्क्रू आणि हँगर (वासे धरणाऱ्या धातूच्या पट्ट्या) वितळलेल्या जस्तात बुडवलेले किंवा स्टेनलेस.

पूर आलेल्या घरात ड्रायवॉल (भिंतीची जिप्समची पाटी) पाण्याच्या रेषेच्या वर किमान एक-दोन फूट कापतात, कारण पाणी आतल्या आत वर चढतं. कापताना २ किंवा ४ फुटांवर सरळ रेघ मारा. पाटी ४ फुटी असते, नव्या पाट्या वाया न जाता बसतात. विजेचा मुख्य स्विच बंद असल्याची स्वतः खात्री करा. १९७८ च्या आधीचं घर असेल तर रंगात शिसं असणार असंच धरून चाला: कोरडं घासू नका, प्लॅस्टिक अंथरा, कपडे वेगळे धुवा. ९ बाय ९ इंची जुन्या फरश्या दिसल्या तर हात न लावता प्रकल्पप्रमुखाला बोलवा, त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं.

निघण्यापूर्वीची विचारपूस आणि कागद

होकार कळवण्याआधी यजमानाला फोन करून विचारा: किती ॲम्प, वायर किती लांब, जमीन डांबराची की मातीची, फाटकाची उंची, मैला टाकायची सोय किती मैलांवर, जवळचं रुग्णालय कुठे. चर्चच्या संघटनांत सकाळ प्रार्थनेने सुरू होते आणि जेवण बऱ्याचदा एकत्र असतं. शाकाहारी असाल तर आधीच सांगा आणि एक पदार्थ स्वतः न्या. उसळ किंवा मसालेभात सगळ्यांना चालतो.

विमा 'फुल-टायमर' प्रकारचा घ्या. साध्या आरव्ही विम्यात तुमचं दुसरीकडे घर आहे असं गृहीत धरलेलं असतं. मेडिकेअर ॲडव्हांटेजचं (खासगी कंपन्यांमार्फतच्या मेडिकेअरचं) डॉक्टरांचं जाळं बहुधा एका भागापुरतं असतं, त्यामुळे सतत फिरणाऱ्यांना मूळ मेडिकेअर आणि जोडीला मेडिगॅप हा पूरक विमा जास्त सोयीचं पडतं. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांतलं हवं. गंजका खिळा लागला आणि पाच वर्षं उलटून गेली असतील तर डॉक्टर पुन्हा देतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर शिडी आणि छत दुसऱ्यांना करू द्या आणि प्रमुखाला पहिल्याच दिवशी सांगा. श्रमदानासाठीच्या प्रवासाचे मैल लिहून ठेवा: करात खर्चांचा तपशील भरत असाल तर मैलाला १४ सेंट वजावट मिळते. दोन प्रकल्पांच्या मधल्या दिवसांसाठी ६२ वर्षांवरच्या नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांना ८० डॉलरचा आजीवन सीनियर पास मिळतो. त्यावर अनेक सरकारी कॅम्पग्राउंडचं भाडं निम्मं होतं.

मुक्काम हलवताना कामाची वही पुढच्या तुकडीसाठी ठेवा: कुठल्या जॉइस्टला लाकूड जोडलं, कुठली झडप कुठे आहे, काय अर्धवट राहिलं. मग गाडीभोवती एक पूर्ण फेरी. होज, वायर, चाकाखालच्या उटी, पायरी, अँटेना, छताचे व्हेंट, गॅसची मुख्य झडप. एकाने आत बसून ब्रेक आणि दोन्ही इंडिकेटर द्यायचे, दुसऱ्याने मागे उभं राहून दिवे बघायचे, आणि हात वर केल्याशिवाय गाडी हलवायची नाही.